एक लिंक तुटली, तर राउटरने किती मोजायचं?

दीपस्तंभ

गेल्या आठवड्यात आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, "सर, लिंक तुटली की प्रत्येक राउटर डायक्स्ट्रा पहिल्यापासून चालवतो ना? मग हजार राउटर असले की हजारही जण हजार नोड मोजत बसणार?" जेवणाच्या सुट्टीत मला ते नीट सांगता आलं नाही. अर्धं उत्तर हो आहे, अर्धं नाही. म्हणून हा धागा. (डायक्स्ट्रा म्हणजे नकाशावर सगळ्यांत स्वस्त वाटा काढायची रीत, नोड म्हणजे त्या नकाशातला एकेक राउटर.)

पाया थोडक्यात. ओएसपीएफ आणि आयएस-आयएस या वाटा ठरवायच्या दोन प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक राउटर फक्त स्वतःबद्दल बोलतो: माझे शेजारी हे, त्यांच्यापर्यंतची कॉस्ट ही. ते निवेदन जसंच्या तसं सगळ्यांपर्यंत पोचतं, त्यामुळे एरियातल्या (नेटवर्कच्या एका भागातल्या) सगळ्यांकडे एकच नकाशा असतो. त्या नकाशावर जो तो स्वतःला मुळाशी धरून सगळ्यांत स्वस्त वाटांचं झाड काढतो. झाड काढायची रीत डायक्स्ट्रांची. त्यांना ती १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला सुचली आणि १९५९ मध्ये छापून आली. पहिलं प्रात्यक्षिक नेदरलँड्समधल्या ६४ शहरांच्या नकाशावर झालं होतं. त्या नकाशातला रस्ता मध्येच बंद होत नव्हता. आपल्याकडे होतो.

आता कागद घ्या. सात राउटर, आपण अ वर बसलोय. कॉस्ट अशा:

अ–ब १०, अ–क ५, ब–क २०, क–ड १०, ब–ड २०, ड–इ ५, इ–फ १०, ब–फ ३०, क–ग १५, इ–ग २५

अ पासूनची अंतरं काढलीत तर क ५, ब १०, ड १५, इ २०, ग २०, फ ३० अशी येतील. झाडात सहाच लिंक वापरल्या गेल्या: अ–ब, अ–क, क–ड, ड–इ, इ–फ, क–ग. उरलेल्या चार (ब–क, ब–ड, ब–फ, इ–ग) नकाशात आहेत, पण अ च्या झाडात नाहीत. सगळी गोम या फरकात आहे.

समजा ब–क तुटली. अ ने काय करायचं? काहीच नाही. जी लिंक कुणाच्याच वाटेत नव्हती ती गेल्याने कुणाची वाट लांब होत नाही. नकाशात नोंद करायची आणि गप्प बसायचं. झाडाबाहेरच्या लिंकची कॉस्ट वाढली तरी हेच.

आता क–ड तुटली. ही झाडातली आहे. तिच्याखाली लटकलेली फांदी म्हणजे ड, इ, फ. फक्त हे तिघं निराधार झाले. ब, क, ग यांची अंतरं होती तशीच आहेत, हे पुन्हा तपासायचीही गरज नाही, कारण त्यांची वाट त्या लिंकवरून जात नव्हती आणि लिंक तुटून नवी जवळची वाट तयार होत नाही. मग या तिघांना बाहेरून कोण हात देऊ शकतं ते बघायचं. ड ला ब कडून १०+२०=३०. फ ला ब कडून १०+३०=४०. इ ला ग कडून २०+२५=४५. यातला सगळ्यांत लहान आकडा उचलायचा: ड ३० वर पक्का. ड पक्का झाल्यावर इ ला ३५ मिळतो, तो ४५ पेक्षा बरा, म्हणून इ ३५. इ कडून फ ला ४५ मिळेल, पण ब कडून ४० आधीच हातात आहे. फ ४० वर पक्का. संपलं.

फ कडे जरा थांबून बघा. तो आधी इ च्या खाली होता, आता थेट ब च्या खाली गेला. तुटलेली फांदी उचलून आहे तशी दुसरीकडे चिकटवता येत नाही, आतून तिचे तुकडे होऊ शकतात. त्यामुळे फांदीच्या आत डायक्स्ट्रा चालवावाच लागतो, मात्र आतच. सातांऐवजी तीन नोड. हजारांच्या नेटवर्कमध्ये टोकाची एखादी लिंक गेली तर हजारांऐवजी दोन-चार.

लिंक परत आली, किंवा कॉस्ट कमी झाली, की उलट्या दिशेने विचार करायचा. क–ड १० वर परत आली: ड ला ५+१०=१५ मिळतात, हातातल्या ३० पेक्षा कमी, म्हणून घ्यायचे. ड सुधारला म्हणून त्याच्या शेजाऱ्यांना विचारायचं: इ २० वर येतो, मग फ ३० वर. इ ने ग ला ४५ देऊ केले, पण ग कडे २० आहेत, तो नको म्हणतो. जिथे कुणी "नको" म्हणतं तिथे लाट थांबते.

घरचा अभ्यास: सगळं ठीक चालू असताना ब–फ ची कॉस्ट ३० वरून १५ केली तर अ ला किती नोड हलवावे लागतील?

गणितवेडी

सुंदर मांडलंय. एक अडचण मात्र तुमच्या उदाहरणात दिसत नाही, कारण तुम्ही आकडे असे निवडलेत की कुठेच बरोबरी होत नाही. ब–ड ची कॉस्ट २० ऐवजी ५ धरा. आता ड ला क कडूनही १५ आणि ब कडूनही १५. दोन्ही वाटा वापरायच्या असतात, म्हणजे ड ला दोन पालक. हे झाड राहिलंच नाही.

आता क–ड तोडा. ड चं अंतर? १५ च. इ, फ? जसेच्या तसे. एकही अंतर बदललं नाही. "अंतर बदललं नाही म्हणजे काम नाही" असा कोड लिहिला असेल तर तिथेच घात होतो, कारण ड, इ, फ तिघांसाठी अ च्या टेबलात (कुठे जायला पॅकेट पुढे कुणाला द्यायचं त्या यादीत) पुढचा टप्पा म्हणून ब आणि क दोघे होते आणि त्यातला क आता काढायला हवा. नाही काढला तर निम्मा ट्रॅफिक क कडे जात राहणार. म्हणून अंतरं आणि पुढचे टप्पे या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाहाव्या लागतात. अंतरांची लाट थांबली तरी टप्प्यांची लाट खाली फांदीच्या टोकापर्यंत जाते.

या विषयावर पुष्कळ संशोधन आहे. रामलिंगम आणि रेप्स यांचं १९९६ चं काम बघा. त्यात खर्च नकाशाच्या आकारावर न मोजता बदलाच्या आकारावर मोजतात. मला ही कल्पनाच फार आवडते. किती मोठं नेटवर्क आहे हे विचारायचं नाही, किती हललं ते विचारायचं.

तारायंत्र

यातली बरीच युक्ती ओएसपीएफच्याही आधीची आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.

अर्पानेट (इंटरनेटचं पूर्वरूप) १९६९ मध्ये सुरू झालं तेव्हा राउटिंग शेजाऱ्यांच्या ऐकीव माहितीवर चालायचं: शेजारी म्हणतो मी अमक्यापासून इतका दूर, म्हणून मी इतका दूर. वाईट बातमी सावकाश पसरायची आणि पॅकेट गोल फिरायचे. मे १९७९ मध्ये बीबीएन कंपनीच्या मॅक्विलन, रिचर आणि रोझेन यांनी ते बदलून लिंक-स्टेट पद्धत (प्रत्येकाने आपल्या लिंकांची स्थिती सगळ्यांना कळवायची) आणली, आणि १९८० मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यांचा एसपीएफ, म्हणजे स्वस्त वाटांचं झाड काढायचा हिशोब, पहिल्या दिवसापासून वाढीव पद्धतीचा (बदललं तेवढंच मोजणारा) होता. झाडाबाहेरची लिंक बिघडली तर काही करू नका, झाडातली बिघडली तर तिच्याखालचीच फांदी बघा, हे दीपस्तंभ यांनी वर सांगितलेलं सगळं त्यात आहे. त्यांना दुसरा मार्गही नव्हता. लिंकची कॉस्ट म्हणून ते प्रत्यक्ष मोजलेला विलंब वापरायचे, दर १० सेकंदांची सरासरी. म्हणजे काही तुटलेलं नसतानाही आकडे सतत हलायचे. १६ बिटांच्या त्या यंत्रांना प्रत्येक हालचालीला पूर्ण हिशोब झेपला नसता.

पण हिशोब कितीही हुशारीने करा, नकाशा सगळ्यांकडे एकच असेल तरच त्याला अर्थ. २७ ऑक्टोबर १९८० ला अर्पानेट काही तास बसलं ते इथेच. प्रत्येक निवेदनावर ६ बिटांचा क्रमांक असायचा, ० ते ६३ आणि पुन्हा ०. गोल असल्यामुळे "नवं कोणतं" हे अर्ध्या चक्राच्या नियमाने ठरवायचे. एका यंत्राच्या मेमरीत बिट गळाले आणि एकाच नोडची ४४, ४० आणि ८ अशा क्रमांकांची तीन निवेदनं नेटवर्कमध्ये शिरली. ४४ हे ४० पेक्षा नवं, ४० हे ८ पेक्षा नवं, आणि गोल फिरून ८ हे ४४ पेक्षा नवं! प्रत्येक नोड तिन्हींना आळीपाळीने "नवं" म्हणून स्वीकारत आणि पुढे पाठवत राहिला. रोझेन यांनी आरएफसी ७८९ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटवाल्यांचे क्रमांकित दस्तऐवज) हे सगळं लिहून ठेवलंय, नेटवर्कवाल्या प्रत्येकाने वाचावं असं आहे.

आजच्या ओएसपीएफमध्ये क्रमांक ३२ बिटांचा आणि सरळ रेषेत वाढणारा आहे. एकच निवेदन ५ सेकंदांच्या आत पुन्हा काढायचं नाही असा नियम असल्याने तो संपायला ६०० हून जास्त वर्षं लागतील. शिवाय प्रत्येक निवेदनाला वय असतं, ३६०० सेकंदांना ते बाद होतं.

चिंचबन

दीपस्तंभ, मग माझ्या राउटरमध्ये हे खरोखर चालतं का? मी लॅपटॉपवर एफआरआर (राउटरचं मोफत सॉफ्टवेअर) टाकून तुमचे सात राउटर उभे केले आणि ब–क तोडली. तुम्ही म्हणता अ ने काहीच करायला नको. पण "शो आयपी ओएसपीएफ" मध्ये एसपीएफ आत्ताच चालल्याचं दिसतंय.

दीपस्तंभ

चालणारच, आणि प्रयोग करून बघितलात याचा आनंद झाला. पुस्तकातली पद्धत आणि यंत्रातली पद्धत यात अंतर आहे. ओएसपीएफचं आरएफसी २३२८ (जॉन मॉय, १९९८) वाचलंत तर राउटिंग टेबल काढायची जी मूळ रीत दिली आहे ती पूर्ण हिशोबाचीच आहे. राउटरचं किंवा नेटवर्कचं निवेदन बदललं की झाड पहिल्यापासून. एफआरआरचा ओएसपीएफ तेच करतो. सात नोडना मायक्रोसेकंद लागतात, आणि हजार नोडनाही आजच्या प्रोसेसरवर काही मिलिसेकंदच. त्यासाठी गणितवेडी यांनी सांगितलेल्या बरोबरीच्या भानगडी अंगावर घ्यायच्या का, हा प्रामाणिक प्रश्न आहे. माझं मत: वाढीव एसपीएफमध्ये एक चूक राहिली तर झाड चुकीचं होतं आणि पुढच्या पूर्ण हिशोबापर्यंत चुकीचंच राहतं. पूर्ण हिशोब दर वेळी स्वतःला दुरुस्त करतो. ज्यांनी पूर्ण हिशोब ठेवला त्यांना मी आळशी म्हणणार नाही.

पण झाडाला हात न लावता भागवायची दुसरी एक सोय आहे आणि ती सगळीकडे वापरात आहे. नकाशात दोन प्रकारची माहिती असते: कोण कुणाला जोडलंय, आणि कुणाच्या दारात कोणते प्रीफिक्स (आयपी पत्त्यांचे गट) आहेत. पहिलं म्हणजे झाड, दुसरं म्हणजे पानं. पान गळलं तर फांद्या मोजायचं कारण नाही. दुसऱ्या एरियातून किंवा ओएसपीएफच्या बाहेरून आलेला प्रीफिक्स बदलला तर डायक्स्ट्रा न चालवता तेवढाच मार्ग सुधारा, हे आरएफसी २३२८ मध्येच सांगितलं आहे. आयएस-आयएसमध्ये तर आयपी प्रीफिक्स पहिल्यापासून पानंच आहेत.

ओएसपीएफच्या दुसऱ्या आवृत्तीत एक चूक राहून गेली असं मला वाटतं. राउटरला थेट जोडलेल्या लॅनचा प्रीफिक्स राउटरच्याच निवेदनात बसवला आहे. एका स्विचच्या मागचं नेटवर्क गेलं तरी निवेदन बदलतं, आणि अख्ख्या एरियात एसपीएफ चालतो. आयपीव्ही६ साठी ओएसपीएफची तिसरी आवृत्ती करताना प्रीफिक्स वेगळ्या निवेदनात काढले, त्यामुळे तिथे पान गळलं की पानच गळतं.

रात्रपाळी

मी एनओसीमध्ये (नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रात) रात्रीची ड्यूटी करतो. अनुभवाचं सांगतो, आम्हाला छळणारी गोष्ट एसपीएफ किती वेळ चालतो ही नसते, तो *कधी सुरू होतो* ही असते.

एका ग्राहकाच्या नेटवर्कमध्ये एक मुख्य लिंक तुटली. पर्यायी वाट मोकळी होती, तरी ट्रॅफिक वळायला पाच सेकंद गेले. रात्री अडीच वाजता पाच सेकंद म्हणजे किती, ते फोनवर ग्राहक असताना कळतं. कॉन्फिग तपासलं, सगळं बरोबर. मग एसपीएफचा लॉग बघितला. त्याच एरियात, शंभर किलोमीटरवरच्या वेगळ्याच टोकाला, एक लिंक दर दोन-तीन सेकंदांनी वर-खाली होत होती. फायबरचा कनेक्टर नीट बसला नव्हता. तिच्यामुळे एसपीएफ वारंवार चालत होता, राउटरने स्वतःला आवरायला प्रतीक्षा वाढवत वाढवत ५००० मिलिसेकंदांवर नेली होती, आणि आमच्या खऱ्या बिघाडाला त्या रांगेत थांबावं लागलं. सकाळी कनेक्टर साफ करून बसवला, आणि अशा लिंकांना इंटरफेसवरच दाबून धरायची सोय चालू केली. आवाज उगमापाशी बंद करायचा, नाहीतर तो सगळ्यांच्या हिशोबात शिरतो.

नव्या लोकांसाठी हे टायमर समजावून सांगतो. पहिली बातमी आली की ५० मिलिसेकंदांसारखं थोडंसं थांबायचं, लगेच धावायचं नाही. का? एखादा अख्खा राउटर बंद पडला तर त्याचे सगळे शेजारी आपापली बातमी पाठवतात आणि त्या मागे-पुढे पोचतात. पहिलीवरच धावलात तर अर्ध्या नकाशावर झाड काढाल. लिंक वर येतानाही तसंच: दोन्ही टोकांनी "हो, जोडलेलो आहोत" म्हटल्याशिवाय एसपीएफ ती लिंक धरत नाही, म्हणून एकाच टोकाच्या बातमीवर चालवलेला एसपीएफ वाया जातो. तुटताना मात्र एका टोकाने सांगितलं की पुरे.

आणि दोन कंपन्यांचे राउटर एकाच एरियात असतील तर हे टायमर नक्की जुळवा. एक २०० मिलिसेकंदांनी हिशोब करतो आणि दुसरा ५००० मिलिसेकंदांनी, तर मधल्या वेळात दोघांचे नकाशे एक आणि निर्णय वेगळे. यासाठीच २०१८ मध्ये आरएफसी ८४०५ आलं, सगळ्यांनी थांबायचं एकाच रीतीने थांबा म्हणून.

चिंचबन

"नकाशे एक आणि निर्णय वेगळे" वरून मी पुन्हा तेच उदाहरण घेऊन बसलो, आणि एक विचित्र गोष्ट दिसली. क–ड तुटल्यावर मी हिशोब *क* च्या जागी बसून केला. क ला ड कडे जायच्या वाटा: ब वरून थेट २०+२०=४०, ग वरून १५+२५+५=४५, आणि अ वरून ५+१०+२०=३५. म्हणजे क चं नवं उत्तर "अ कडे द्या". पण अ चं जुनं उत्तर "क कडे द्या" होतं! क ने आधी हिशोब केला आणि अ ने अजून नाही केला तर पॅकेट दोघांत टोलवत राहतील?

दीपस्तंभ

राहतील. शाब्बास, हे मी उदाहरण बनवताना माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. यालाच मायक्रोलूप म्हणतात. आणि क ला बातमी सगळ्यांत आधी कळते, कारण लिंक त्याच्याच अंगावर तुटली. म्हणजे हा प्रसंग क्वचितचा नाही, तो नेहमीचाच आहे. पॅकेट अ आणि क मध्ये हेलपाटे घालतात, टीटीएल (पॅकेटने किती टप्पे जायचं ती मर्यादा) संपून मरतात, आणि मरेपर्यंत ती लिंक भरून टाकतात.

उपाय त्याच नकाशात आहे. सगळं ठीक असतानाच क ने मोकळ्या वेळात शेजाऱ्यांच्या जागी बसून हिशोब करून ठेवायचा: माझी ड कडची लिंक गेली तर असा कोण आहे जो पॅकेट मलाच परत देणार नाही? नियम साधा आहे. शेजाऱ्याचं ड पर्यंतचं अंतर हे "शेजारी ते मी, अधिक मी ते ड" यापेक्षा कमी हवं. अ साठी: १५ हे ५+१० पेक्षा कमी नाही, बाद. ग साठी: २५ हे १५+१० पेक्षा कमी नाही, बाद. ब साठी: २० हे १५+१० पेक्षा कमी आहे, चालेल. (ब ते क थेट २० असली तरी अ वरून १५ पडते, म्हणून १५ धरले.) तर क ने ब चं नाव आधीच हार्डवेअरमध्ये लिहून ठेवायचं. लिंक तुटली की हिशोबाची वाट न बघता पॅकेट ब ला. हे २००८ च्या आरएफसी ५२८६ मध्ये आहे.

आता मायक्रोलूपही टळतो. क ने आपलं नवं उत्तर, म्हणजे अ, टेबलात भरायची घाई करायची नाही. थोडा वेळ ब वरच राहायचं, तोवर अ आपला हिशोब उरकून ड ला ब च्या वाटेने पाठवू लागतो. मग क ने अ कडे वळायचं. जिथे लिंक तुटली त्या राउटरने मुद्दाम उशीर करायचा, ही युक्ती आरएफसी ८३३३ मध्ये लिहिलेली आहे. मला स्वतःला लिंक-स्टेटमधली ही सगळ्यांत देखणी गोष्ट वाटते, कारण सगळ्यांत आधी ज्याला कळलं त्यानेच सगळ्यांत शेवटी हलायचं.

एकूण वेळ कुठे जातो तेही या निमित्ताने लिहितो. बिघाड कळण्यात सगळ्यांत जास्त जाऊ शकतो: ओएसपीएफचे हॅलो ("मी जिवंत आहे" असे निरोप) दर १० सेकंदांनी आणि ४० सेकंद ऐकू न आल्यास शेजारी मेला, हे मूळ आकडे तसेच ठेवलेत आणि मध्ये स्विच असेल तर बाकी सगळी चर्चा फोल आहे. बीएफडी (शेजारी जिवंत आहे का ते भराभर तपासणारी सोय) लावा, ५० मिलिसेकंदांचे तीन ठोके चुकले की १५० मध्ये कळतं. मग बातमी पसरणं, एसपीएफ, आणि शेवटी बदललेले हजारो प्रीफिक्स लाइन कार्डवर (पॅकेट पुढे धाडणाऱ्या हार्डवेअरवर) एकेक करून लिहिणं. मोठ्या नेटवर्कमध्ये हे शेवटचं लिहिणं एसपीएफपेक्षा जास्त वेळ खातं. म्हणून वाढीव हिशोबाचा खरा लाभ मला तिथे दिसतो: काय *बदललं नाही* हे माहीत असलं की तेवढं कार्डवर पुन्हा लिहावं लागत नाही.

गणितवेडी

दीपस्तंभ, ड ला जायला क ने ब धरायचा, हा हिशोब मी तपासला, बरोबर आहे. फ साठी मात्र वेगळा करावा लागेल ना? प्रत्येक ठिकाणासाठी शेजाऱ्याची परीक्षा वेगळी.

दीपस्तंभ

हो, ठिकाणागणिक वेगळी. ब ते फ ३०, आणि ब–क १५ अधिक क–फ २५ म्हणजे ४०. ३० कमी, म्हणून इथेही ब उत्तीर्ण. पण अशी एखादी रचना असते की कुणीच उत्तीर्ण होत नाही. गोल रिंगमध्ये हे हमखास होतं. तिथे दूरच्या राउटरपर्यंत बोगदा काढावा लागतो, तो विषय वेगळ्या धाग्याचा.

पहिली_सर

सर, तो प्रश्न विचारणारी मुलगी मीच. घरचा अभ्यास केला. ब–फ १५ झाली तर फ ला १०+१५=२५ मिळतात, आधी ३० होते, म्हणून घ्यायचे. मग फ ने इ ला विचारलं: २५+१०=३५, इ कडे २० आहेत, नको. एकच नोड हलला. अ च्या टेबलात फ साठी क होता तो ब झाला.

मग मी त्याच स्थितीत क–ड पण तोडली. आता फ ब च्या खाली असल्यामुळे तो सुरक्षित आहे, निराधार फक्त ड आणि इ. ड ला ब कडून ३०. इ ला ड कडून ३५, आणि फ कडूनही २५+१०=३५! दोन्ही सारखे. गणितवेडी ताईंनी सांगितलेली बरोबरी इथे आली. पण दोन्ही वाटा ब वरूनच जातात, म्हणून अ च्या टेबलात इ साठी ब एकच नोंद राहील. बरोबर आहे का?

दीपस्तंभ

अगदी बरोबर. अ च्या टेबलात एक. आता ब च्या जागी बसून बघ, तिथे दोन येतील: ड आणि फ, दोन्हींकडून २५.